रोमन चांदीची नाणी ओळखायची कशी? (फोटो टाकलेत, मदत करा)

लीड्सकर
नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. परवा यॉर्कला नाण्यांचा बाजार भरला होता, तिथे एका आजोबांच्या टेबलावर ट्रेमध्ये रोमन चांदीची नाणी ढिगाने ठेवलेली, कुठलंही घ्या एकच भाव. पाच उचलली. बायको म्हणाली एवढ्यात छान जेवण झालं असतं. आता प्रश्न असा की ही आहेत कोणाची? माझे अंदाज देतो.
१) दाढीवाला, कपाळावर आठ्या. नावात अँटोनिनस पायस वाचता येतंय, म्हणजे तोच सम्राट असणार.
२) लांब मानेचा माणूस, दाढी नाही. मागे एक बाई आणि तिच्या पायाशी कुत्रा किंवा शहामृग.
३) हे जरा मोठं आहे, डोक्यावर काट्याकाट्यांचा मुकुट.
४) बाई. ज्युलिया लिहिलंय. ज्युलियस सीझरची कोणी?
५) हार घातलेला माणूस, मागे खुर्चीत बसलेली बाई. नाकाखाली चांदीचा पापुद्रा उडालाय.
फोनवर मराठी कीबोर्ड आहे म्हणून नाण्यावरची अक्षरं देवनागरीतच लिहितोय, समजून घ्या.

उगाचच
नंबर दोन शहामृग असेल तर फार्महाउसवाला सम्राट. पुढचा प्रश्न.

टाकसाळ
लीड्सकर, स्वागत. फोटो वरून फ्लॅश मारून काढलेत त्यामुळे सगळं पांढरं झालंय. दिवा बाजूने, अगदी टेबलाच्या पातळीला ठेवा, म्हणजे घासलेल्या अक्षरांची सावली पडते आणि जे डोळ्याला दिसत नाही ते कॅमेऱ्याला दिसतं. दुसरं, वजन आणि व्यास द्या. सोनाराकडे असतो तसा दोन दशांशाचा छोटा काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, नाणी जमवायची असतील तर पहिली खरेदी तीच. आणि तिसरं म्हणजे चेहऱ्यावरून अंदाज बांधणं आधी बंद करा. चेहरा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी काटा, मग अक्षरं, मग मागची बाजू, आणि मग चेहरा.
अक्षरं वाचायला साधारण डाव्या हाताला खालून, घड्याळात सात वाजतात तिथून सुरुवात करा आणि घड्याळाच्या दिशेने फिरा. यू नसतो, त्याच्या जागी व्ही. शब्दांत जागा सोडलेली नसते, सगळं सलग, आणि डोकं जिथे मध्ये येतं तिथे शब्द बिनदिक्कत तुटतो. जेवढं दिसतं तेवढंच लिहा, गाळलेल्या जागा स्वतःच्या मनाने भरू नका.

लीड्सकर
काटा ऑफिसातल्या मित्राकडून आणला. वजनं अशी:
१) ३.१ ग्रॅम, १९ मिमी. पुढे: अँटोनिनस पायस ऑग ब्रिट. मागे: पी एम, टी आर पी, एक्स व्ही, सी ओ एस, तीन दांड्या, पी पी. नागडा माणूस, एका हातात फांदी, दुसऱ्या हातात सोटा आणि काहीतरी लोंबतंय.
२) ३.२ ग्रॅम, १८ मिमी. पुढे बरंच लांबलचक आहे, ट्रायानो कळतंय, पुढे ऑग जर डाक... शेवटी सी ओ एस व्ही पी पी. मागे एस पी क्यू आर ऑप्टिमो प्रिंकिपी.
३) ४.३ ग्रॅम, २२ मिमी. इंप गॉर्डियानस पायस फेल ऑग.
४) ३.३ ग्रॅम, १९ मिमी. युलिया ऑगस्टा. मागे पिएतास पुब्लिका.
५) २.९ ग्रॅम, १८ मिमी. पुढे टी आय सीझर दिवी... मागे पॉन्टिफ माक्सिम.

टाकसाळ
वा, आता मजा आहे. एक, दोन, चार ही देनारियस, म्हणजे रोमची रोजची चांदी. आकाराने आपल्या जुन्या गेंडावाल्या चार आण्याएवढी. तीन नंबर वेगळ्या जातीचं, त्यावर नंतर येतो. पाच नंबरचं वजन वाचून मला शंका आली आहे, तेही शेवटी.

एक नंबर. सगळ्यांची पहिली ठेच इथेच लागते, कारण अँटोनिनस हे नाव एकाचं नाहीच. अँटोनिनस पायस (१३८ ते १६१) हा मूळ पुरुष. त्याने दत्तक घेतलेला मार्कस ऑरेलियस, तोही नाण्यांवर एम अँटोनिनस. त्याचा मुलगा कॉमोडस, तोही कॉमोडस अँटोनिनस. मग सेप्टिमियस सेव्हेरस आला, त्याचा या घराण्याशी रक्ताचा काही संबंध नाही, पण स्वतःला मार्कसचा मुलगा जाहीर करून मोकळा झाला आणि आपल्या थोरल्या पोराचं नाव बदलून अँटोनिनस ठेवलं. तो पोरगा म्हणजे काराकाला. काराकाला हे टोपणनाव, नाण्यावर ते तुम्हाला कधीच दिसणार नाही. आणि त्याच्यानंतर थोड्याच काळात एलागाबालस, ज्याच्या आजीने तो काराकालाचाच पोरगा आहे अशी हूल उठवून त्याला गादीवर बसवलं, त्यामुळे तोही अँटोनिनस पायस!

आता वेगळे कसे करायचे? शब्दांचा क्रम बघा. मूळ अँटोनिनस पायसच्या नाण्यांवर बहुतेक वेळा आधी ऑग (ऑगस्टस, म्हणजे सम्राट) आणि मग पायस येतं, पुढे पी पी, टी आर पी वगैरे. काराकालाच्या नाण्यावर उलटं, आधी पायस मग ऑग. त्याच्याही पुढे शेपूट असते. २०१ ते २१० नुसतं अँटोनिनस पायस ऑग, मग ब्रिटनच्या मोहिमेनंतर २१० ते २१३ ब्रिट, मग २१३ ते २१७ जर्म. एलागाबालसच्या नावाआधी इंप (इंपेरातोर, हीसुद्धा सम्राटाचीच पदवी) असतं: इंप अँटोनिनस पायस ऑग. आणि त्याच्या पुष्कळ नाण्यांवर मागच्या मोकळ्या जागेत एक तारा असतो, तो दिसला की अर्धं काम झालं.

तुमचं ब्रिट आहे, म्हणजे काराकाला. आणि ही ब्रिट पदवी ज्या मोहिमेची, त्या मोहिमेतच त्याचा बाप सेप्टिमियस सेव्हेरस २११ च्या फेब्रुवारीत वारला, कुठे? तुमच्या त्याच यॉर्कमध्ये.

लीड्सकर
काय सांगता!! म्हणजे जिथे घेतलं तिथलाच किस्सा निघाला.

उगाचच
आजोबांना परत भेटा आणि म्हणा काका, हा तर लोकल माल आहे, डिस्काउंट द्या.

ठाणेकरीण
मी चित्रकलेची शिक्षिका आहे, नाण्यांतलं मला फार कळत नाही पण टाकसाळ यांचं चेहरा शेवटी हे पटलं नाही. मी म्युझियमच्या साइटवर फोटो बघितले, नीरोचा जाड गळा, व्हेस्पासियनचं ते पैलवानी डोकं, हेड्रियनची दाढी, हे लोक इतके वेगवेगळे आहेत की मला दहा मिनिटांत ओळखू यायला लागले. पोर्ट्रेट म्हणून तर अप्रतिम काम आहे, दीड-दोन सेंटिमीटरमध्ये माणूस उभा केलाय. मग अक्षरांच्या मागे का लागायचं?

टाकसाळ
ताई, म्युझियमच्या साइटवरची नाणी म्हणजे निवडक, कोरी करकरीत. बाजारात मिळतं ते शंभर वर्षं खिशाखिशातून फिरलेलं असतं. नाक गेलेलं, दाढी आहे की डाग आहे ते कळत नाही. पण तुमचं म्हणणं खोटं नाही, हेड्रियनच्या आधी नीरोची हनुवटीखालची बारीक दाढी सोडली तर सगळे सम्राट जवळजवळ गुळगुळीत आणि त्याच्यापासून पूर्ण दाढीची फॅशन आली, ही ढोबळ खूण उपयोगी पडते.

पुराभिलेख
चेहऱ्याचा भरवसा न धरायला अजून एक कारण आहे. नवीन सम्राट आला की टाकसाळीतल्या कारागिरांनी त्याला पाहिलेलं असेलच असं नाही. हेड्रियनच्या अगदी सुरुवातीच्या नाण्यांवर तो बराचसा ट्राजनसारखा दिसतो कारण हात ट्राजन कोरायला बसलेले. लांबच्या पूर्वेकडच्या टाकसाळींत तर विचारू नका.
आणि काराकालाचंच घ्या. जन्म १८८ चा. १९८ मध्ये बापाने सहसम्राट केलं तेव्हा हा जेमतेम नऊ-दहा वर्षांचा, त्यामुळे नाण्यावर गोबऱ्या गालांचं पोर. मग मिसरूड, मग कल्ले, आणि शेवटी लीड्सकरांच्या नाण्यावरचा तो खाऊ का गिळू चेहरा. एकाच माणसाचे चार चेहरे. त्यात एलागाबालस चौदाव्या वर्षी गादीवर आलेला. कोवळा काराकाला आणि कोवळा एलागाबालस शेजारी ठेवले आणि अक्षरं झाकली तर अनुभवी माणूससुद्धा अडखळतो. तिथे तो इंपच सोडवतो.

ठाणेकरीण
हे मान्य. खाऊ का गिळू हे मात्र अगदी बरोब्बर, वर्गात असा एक मुलगा असतोच.

लीड्सकर
बरं मग मागच्या बाजूच्या त्या पी एम, टी आर पी चं काय? आणि एक्स व्ही म्हणजे पंधरा ना?

उगाचच
टीआरपी पंधरा? मालिका बंद पडायच्या बेतात आहे.

पुराभिलेख
हसा, पण वर्ष त्याच टीआरपीवरून निघतं. ही ट्रिब्यूनची, म्हणजे जनतेच्या प्रतिनिधीची सत्ता, सम्राटाला ती दर वर्षी नव्याने मिळाल्यासारखी मोजत. काराकालाची पहिली १९८ ला. म्हणून १९७ मध्ये आकडा मिळवला की झालं, १९७ अधिक १५, २१२. काही सम्राटांच्या बाबतीत वर्ष डिसेंबरमध्ये बदलतं त्यामुळे थोडं मागेपुढे होतं, पण एवढं चालतं. सी ओ एस तीन म्हणजे तिसऱ्यांदा कॉन्सुल (रोममधलं सर्वात मानाचं सरकारी पद), ही पदवी दर वर्षी वाढत नाही, पुढचं पद मिळेपर्यंत आकडा तोच राहतो, म्हणून तिच्यावरून नुसता काळाचा पट्टा कळतो. पी एम म्हणजे मुख्य पुरोहित, पी पी म्हणजे राष्ट्रपिता, हे दोन बहुतेक सगळ्यांना असतात, ओळखायला उपयोग कमी.
तुमचा नागडा माणूस म्हणजे हर्क्युलिस, लोंबतंय ते सिंहाचं कातडं. २१२ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे, २११ च्या डिसेंबरात याने धाकट्या भावाला, गेटाला, आईच्या डोळ्यांदेखत मारवलं, आणि २१२ मध्ये साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र माणसांना रोमन नागरिक करून टाकलं. ते नाणं पाडलं जात होतं तेव्हा हे सगळं ताजं होतं.

लीड्सकर
अंगावर काटा आला राव. बरं दोन नंबर?

टाकसाळ
दोन नंबर ट्राजन. शेवटी ओ आहे बघा, ट्रायानो, म्हणजे ट्राजनला अर्पण. हे कोणी केलंय ते मागे लिहिलंय, एस पी क्यू आर, सिनेट आणि रोमची जनता, ऑप्टिमो प्रिंकिपी म्हणजे सर्वोत्तम राजाला. जर डाक म्हणजे जर्मन आणि डेशियन लोकांवर विजय. डेशियाची पदवी १०२ च्या अखेरची आणि कॉन्सुल पाचव्यांदा १०३ ते १११, म्हणजे नाणं त्या पट्ट्यातलं. आता बाईच्या पायाखाली, तळाशी जी आडवी रेघ असते तिच्या खाली काही अक्षरं आहेत का बघा. दिवा बाजूने.

लीड्सकर
थांबा बघतो... ए आर ए बी... मग ए डी आणि बहुतेक क्यू.

टाकसाळ
मग तो कुत्राही नाही आणि शहामृगही नाही, उंट आहे! १०६ मध्ये ट्राजनने पेट्राच्या बाजूचं नबातियन राज्य खालसा करून अरेबिया प्रांत केला, त्याचं हे नाणं. बाई म्हणजे अरेबिया. उंट अगदी छोटा काढलाय, पायाशी, त्यामुळे सगळे फसतात. १०६ च्या आधीचं असूच शकत नाही, म्हणजे तुमचा पट्टा १०३ ते १११ वरून १०६ ते १११ वर आला. बघा, मागच्या बाजूने तारीख आवळली. त्याच भावात हे मिळालं असेल तर आजोबांना नमस्कार सांगा.

उगाचच
शहामृग जवळ होतं. वाळवंटातलंच.

टाकसाळ
तीन आणि चार पटकन उरकतो, दोन्ही भरपूर मिळतात.
तीन नंबर गॉर्डियन तिसरा, २३८ ते २४४. काट्यांचा मुकुट म्हणजे सूर्याचे किरण. काराकालाने २१५ मध्ये हे नवीन मोठं नाणं काढलं, आपण त्याला अँटोनिनियानस म्हणतो (परत अँटोनिनस!), रोमन काय म्हणत ते वेगळं. बहुधा दोन देनारियसच्या किमतीला चालवलं पण चांदी घातली दीडपटच. पुरुषाच्या डोक्यावर किरण, बाई असेल तर खांद्याखाली चंद्रकोर, की समजा अँटोनिनियानस. देनारियसवर पुरुषाला पानांचा हार. गॉर्डियनच्या काळात देनारियस पाडणं जवळजवळ थांबलंच, आणि पुढच्या तीसेक वर्षांत अँटोनिनियानसमधली चांदी पाच टक्क्यांच्या आत आली, तांब्याला नुसता मुलामा. त्यामुळे गॅलिएनस सम्राटाच्या काळातली लाल-काळी दिसतात ती खोटी नसतात, तशीच होती बिचारी.
चार नंबर ज्युलिया डोम्ना. सीझरशी संबंध शून्य, ती सिरियाच्या एमेसाची, आजचं होम्स, तिथल्या सूर्यमंदिराच्या पुजारी घराण्यातली. सेव्हेरसची बायको, काराकाला आणि गेटाची आई. वर मारवलं लिहिलंय ते हिच्याच डोळ्यांदेखत. नुसतं युलिया ऑगस्टा असेल तर नवऱ्याच्या हयातीतलं, तो गेल्यावर युलिया पिया फेलिक्स ऑग होतं. युलिया माएसा तिची बहीण, युलिया मामाएआ भाची, त्यामुळे युलिया वाचून थांबू नका, पुढचं वाचा.

ठाणेकरीण
केसांवरूनही कळतं ना पण? डोम्नाचे केस म्हणजे हेल्मेटच. आणि मला मागच्या बायकांबद्दल विचारायचं होतं, मागे कायम कोणीतरी बाई उभी असते आणि सगळ्या सारख्याच वाटतात.

पुराभिलेख
केसांचं अगदी बरोबर, राण्यांच्या बाबतीत केशरचना पुरुषांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त भरवशाची, तिथे तुमचा मुद्दा जिंकला.
मागच्या बायका या देवी कमी आणि गुण जास्त, शांतता, न्याय, भरभराट वगैरे, आपल्याकडे मूर्ती ओळखतो तसंच हातातल्या वस्तू बघायच्या. सुकाणू हातात असेल तर फॉर्चुना, तराजू असेल तर एक्विटास किंवा मोनेटा (या दोघी खरंच सारख्या, इथे लिहिलेलंच वाचावं लागतं), सापाला वाटीतून काही पाजत असेल तर सालुस म्हणजे आरोग्य, फूल धरून घागऱ्याचं टोक उचललंय तर स्पेस, आशा, पंख असतील तर व्हिक्टोरिया, धान्याची कणसं आणि मापटं असेल तर आन्नोना म्हणजे धान्यपुरवठा, ऑलिव्हची फांदी असेल तर बहुतेक पाक्स, दोन साप गुंडाळलेली काठी असेल तर फेलिकितास. लीड्सकरांची डोम्नाच्या मागची बाई वेदीपुढे दोन्ही हात वर करून उभी आहे ना, ती पिएतास, भक्ती आणि कर्तव्य दोन्ही एकत्र. अर्धी अक्षरं गेलेली असली तरी वस्तू ओळखली की उरलेली अक्षरं आपोआप जुळतात, म्हणून ही यादी पाठ होऊन जाते.

लीड्सकर
पिएतास बरोबर, हात वरच आहेत. आता पाच नंबरचा निकाल लावा, शंका काय आहे?

टाकसाळ
लावतो. पुढे तिबेरियस सीझर, देव ऑगस्टसचा मुलगा, मागे पॉन्टिफ माक्सिम आणि बसलेली बाई, हातात फांदी आणि राजदंड. हा प्रकार प्रसिद्ध आहे, लिऑनच्या टाकसाळीचा, तिबेरियसच्या १४ ते ३७ या कारकिर्दीत जवळजवळ न बदलता पाडत राहिले. बायबलमध्ये येशू नाणं मागवून यावर चित्र कोणाचं असं विचारतो ते हेच अशी समजूत, म्हणून इंग्रज लोक याला कराचं नाणं म्हणतात आणि भाव दणदणीत असतो. तर पहिली शंका, बाकीच्यांच्या भावात हे कसं मिळालं? दुसरी, वजन. तिबेरियसच्या वेळेला देनारियस पावणेचार ग्रॅमच्या आसपास, नीरोने ६४ मध्ये कमी करेपर्यंत. तुमचं २.९. झिजून एवढं जात नाही, आणि तुमचं तर फारसं झिजलेलंही नाही. तिसरी, नाकाखालचा पापुद्रा. तिथे आत काय रंग दिसतोय? भिंगातून बघा.

लीड्सकर
तपकिरी-लालसर. कडेला बारीक हिरवट ठिपके. चांदी कागदासारखी पातळ आहे, कड उचललेली दिसते.

टाकसाळ
मग आत तांबं आहे. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पत्रा गुंडाळायचा, तापवायचा आणि मग ठसा मारायचा. याला फुरे म्हणतात, ही त्या काळातलीच बनावट नाणी, दोन हजार वर्षांपूर्वीच्या चोरांनी केलेली. तांबं चांदीपेक्षा हलकं म्हणून वजन कमी भरतं. काही फुरेवर तर पुढे एक सम्राट आणि मागे भलत्याच सम्राटाचा ठसा असतो, जो हाताला लागला तो वापरला. नाराज होऊ नका, पुष्कळ जण मुद्दाम फुरेच जमवतात.

उगाचच
म्हणजे खरं जुनं, पण खोटं. माझ्या फ्लॅटचे कागद तसेच आहेत.

मोगरा
लीड्सकर, पापुद्रा उडालाय तिथे थोडं चिंच-मीठ लावून घासून बघा, आमच्याकडे देवाची भांडी लख्ख होतात. सगळीच नाणी काळपट दिसतायत.

टाकसाळ
मोगरा, नको हो नको! तो काळपटपणा म्हणजेच वय, ते काढलं की नाण्याची किंमत निम्मी होते आणि खुणाही जातात. शिवाय एवढी जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते, फरशीवर पडली तर बिस्किटासारखे दोन तुकडे होतात, त्यामुळे वाजवून बघायची जुनी पद्धतही विसरा. आणि फुरेवर चिंच म्हणजे आतलं तांबं पूर्ण उघडं पडणार. फार तर साध्या डिस्टिल्ड पाण्यात ठेवा आणि टिपून घ्या. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्याने हिरवा चिकटा धरतो.

सहज_सुचलं
मला आजकालच्या बनावटीची भीती वाटते, ती कशी ओळखायची? ऑनलाइन ढिगाने आहेत.

पुराभिलेख
ओतीव असेल तर काठ बघा, मध्यावर साच्याचा जोड किंवा तो घासून काढल्याच्या रेघा. पृष्ठभागावर बारीक फुगे, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल. खरं नाणं हातोड्याने पाडलेलं, त्यामुळे काठाला बारीक चिरा, ठसा थोडा एका बाजूला सरकलेला. आणि सगळ्यात चांगली युक्ती, त्याच नाण्याचं जुळं शोधा. खऱ्यातही एकाच ठशाची दोन नाणी सापडतात, पण चकतीचा आकार, चिरा आणि सरकलेपणा वेगवेगळा असतो, कारण प्रत्येक घाव वेगळा. दोन नाण्यांवर ओरखडासुद्धा त्याच जागी दिसला तर निदान एक तरी साच्यातून आलंय, बहुतेक वेळा दोन्ही.

गोदाकाठ
चालू धाग्यात घुसतोय, माफी. मी नाशिकचा. आजोबांनी मला शाळेत असताना दिलेलं एक चांदीचं नाणं आहे, १५ मिमी, २.१ ग्रॅम. पुढे उजवीकडे बघणारा माणूस, भोवती ग्रीकसारखी तुटकी अक्षरं. घरात सगळे रोमन रोमन म्हणतात. मागे मध्ये डोंगरासारखं काहीतरी, वर चंद्र आणि सूर्य.

टाकसाळ
माणसाला मिशी आहे का?

गोदाकाठ
आहे, चांगली झुपकेदार. दाढी नाही.

टाकसाळ
मग तो रोमन सम्राट नाही. रोमन एकतर गुळगुळीत नाहीतर दाढीमिशी दोन्ही, नुसती मिशी ठेवणारे आपले पश्चिमी क्षत्रप, म्हणजे पश्चिम भारतातले शक राजे! मधला तीन कमानींचा डोंगर, चंद्र, सूर्य, खाली नागमोडी रेघ, सगळं जुळतंय. ग्रीक अक्षरं फक्त शोभेला उरलेली, त्यातून काही वाचता येत नाही. खरी माहिती डोंगराभोवतीच्या ब्राह्मीत असते, राज्ञो महाक्षत्रपस असं सुरू होऊन बाप आणि मुलगा दोघांचं नाव. डोक्याच्या मागे ब्राह्मी आकडे दिसले तर शक वर्ष, त्यात ७८ मिळवा की इसवी सन. रोमन लोकांना टीआरपीची बेरीज करावी लागते, आपल्या लोकांनी सरळ वर्षच लिहून ठेवलंय. मागचा फोटो टाका, बघू कोण आहे.

पुराभिलेख
गोदाकाठ, तुमच्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांहून जास्त क्षत्रप नाणी एकत्र सापडली, नहपान या क्षत्रप राजाची. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा परत मारलेला. त्या नाण्यांवर दोन राजे एकमेकांवर चढलेले दिसतात, ओळखायचा खेळ तिथे दुप्पट.

सहज_सुचलं
मग खरी रोमन चांदी आपल्याकडे आलीच नाही का? शाळेत तर व्यापार व्यापार शिकवलं.

पुराभिलेख
आली की, भरपूर आली, पण जास्त दक्षिणेत, आंध्र-तेलंगणा, तमिळनाडू, केरळ. आणि त्यात दोनच प्रकार मोठ्या संख्येने: ऑगस्टसचा, ज्यावर त्याचे दोन दत्तक मुलगे गायस आणि लुसियस ढाली घेऊन उभे आहेत, आणि लीड्सकरांच्या पाच नंबरवरचा तिबेरियस. कारण सोपं आहे, दोन्ही नीरोच्या कपातीच्या आधीचे, वजनाला पूर्ण. आपल्या व्यापाऱ्याने चेहरा बघितलाच नाही, वजन बघितलं. नीरोनंतरची चांदी भारतात फारच कमी मिळते. रोमन लेखक प्लिनी रडतोय की भारत दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स (चार सेस्टर्सचा एक देनारियस) ओढून नेतो, म्हणजे सव्वा कोटी देनारियस. भडोचला रोमन नाणी दिली तर बदल्यात स्थानिक पैसे घेताना फायदा होतो असं त्या काळच्या एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवलंय, आणि त्याच लिखाणात पैठण, तेर, कल्याण ही नावं येतात. तेरला तर रोमन नाण्यांवरून छापलेल्या, कडी लावून गळ्यात घालायच्या मातीच्या चकत्या सापडल्यात. भारतात सापडलेल्या नाण्यांवर कधी छिन्नीचा घाव असतो, कधी छोटे ठसे. आणि काही तर इथेच पाडलेल्या नकला, चित्र बरं पण अक्षरं नुसत्या काड्या. म्हणून भारतात सापडलेलं तिबेरियस असेल तर अक्षरं डोळ्यात तेल घालून वाचायची.

गोदाकाठ
धन्यवाद, फोटो रात्री टाकतो. एक शंका, गावाकडे शेतात नांगरताना कोणाला सापडलं तर ठेवता येतं का? कोणी म्हणतं ठेवा, कोणी म्हणतं जेल होईल.

टाकसाळ
जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असा १८७८ चा कायदा आहे, अजून लागू. रक्कम ऐकून हसू येतं पण कायदा हसण्यासारखा नाही. आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळे परदेशातल्या भाच्याला भेट वगैरे डोक्यातून काढा. लीड्सकर, तिकडेही एकाच जागी दोन किंवा जास्त जुनी चांदीची नाणी सापडली तर कळवणं बंधनकारक आहे, तेव्हा विक्रेत्याकडून पावती आणि नाणी कुठून आली ते लिहून घेत जा.

लीड्सकर
पावती आहे, कुठून आली ते मात्र विचारलं नाही, पुढच्या वेळी विचारतो. ओक्रे नावाची साइट सापडली, त्यात सम्राट, धातू आणि मागची आकृती टाकली की याद्या येतात, काराकालाचा हर्क्युलिस मिळाला! पण ट्राजनच्या उंटाला दोन वेगवेगळे आरआयसी (रोमन नाण्यांची ती मोठी इंग्रजी सूची) नंबर दिसतायत.

पुराभिलेख
एक पाचव्या कॉन्सुलपदाचा असेल, एक सहाव्या. तुमच्यावर व्ही आहे, त्यापुढे आणखी एक दांडी नाही ना एवढं बघा. आणि आरआयसी नंबर लिहिताना कुठली आवृत्ती तेही लिहा, हेड्रियनचा भाग २०१९ मध्ये नव्याने आला आणि सगळे नंबर बदलले, जुन्या पाकिटांवर जुनेच असतात.

ब्रिस्टलची_मावशी
मीही यूकेतच असते, माझंही एक बघा ना. खूप पातळ, जेमतेम १४ मिमी, कड चहूबाजूंनी कात्रीने कापल्यासारखी. मोत्यांची पट्टी डोक्याला, सुरुवातीला डी एन. मागे खुर्चीत बसलेली बाई, आणि तळाला, तुम्ही सांगितलं तशी रेघेखाली अक्षरं आहेत, टी आर पी एस. पण टीआरपीनंतर आकडाच नाही, मग वर्ष कसं काढू?

टाकसाळ
मावशी, हा टीआरपी तो नव्हे! हे चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातलं सिलिक्वा, म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं, तोवर वर्ष मोजायची ती जुनी पद्धत नाण्यांवरून गेलेली होती. इथे टी आर म्हणजे ट्रियर, टाकसाळीचं गाव, आणि पी एस म्हणजे शुद्ध केलेली चांदी. डी एन म्हणजे आमचे स्वामी, त्याच्या पुढचं नाव वाचायचं. कड कापलेली आहे हेच तिचं ब्रिटिश असल्याचं चिन्ह, पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमची सत्ता तिथून उठली, नवी चांदी यायची बंद झाली आणि लोक असलेल्या नाण्यांच्या कडा कापून चांदी काढायला लागले, चेहऱ्याला मात्र सहसा हात लावत नसत. १९९२ मध्ये सफोकमध्ये हॉक्सनला पंधरा हजारांच्या आसपास नाणी निघाली, त्यातली बहुतेक चांदीची अशीच कापलेली. डी एन नंतर व्हॅलेन्स दिसतंय का? मागे उर्ब्स रोमा असेल तर बहुतेक तोच. आणि वजन टाका.